लंगड्या मागाची गल्ली

पौष लागला की मैंदर्गीहून माझा धाकटा भाऊ हुरड्याची कणसं पाठवतो. ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. मग फोनवर दरवर्षीचं ठरलेलं बोलणं होतं. ‘अक्का, हितं येऊन आगटीवरचा खायचा सोडून तू गॅसवर भाजतीस. देव माफ करायचा न्हाय तुला.’ मी म्हणते, बाबा रे, देवाचं आणि माझं भांडण जुनं आहे. मी धड चालायला लागायच्या आतच त्यानं दिलेला एक पाय पोलिओच्या हस्ते परत मागून घेतला. आता हुरड्यावरून तो आणखी काय वाकडं करणार? भाऊ हसतो आणि फोन ठेवतो. एसटीची पायरी माझ्या कंबरेशी येते, हे त्यालाही ठाऊक आहे.

गॅसवरच्या कणसाला शेणीच्या धगीचा वास येत नाही. तरी घरभर जो काही हिरवट, गोडसर वास पसरतो, तेवढा माझा दिवस बिघडवायला पुरतो. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी त्या वासानं मला शेत आठवायचं. वडील मला खांद्यावर बसवून बांधावरून न्यायचे आणि आगटीजवळ घोंगडीवर उतरवायचे. चुलत भावंडं हरभऱ्यात शिरून धिंगाणा घालायची, मी बसल्या जागी गरम कणसं चोळायची. चोळण्यात माझा हात कुणी धरू शकायचं नाही. येणारीजाणारी एखादी बाई माझ्या पायाला बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या कॅलिपरकडे बघून ‘पाप!’ म्हणायची. कानडीत पाप म्हणजे बिचारी. आमच्या घरी दोन्ही भाषा चालायच्या, त्यामुळे कुणी पाप म्हटलं की मला नेमकं काय वाटून घ्यावं, हे कळायचं नाही. मग मी तळहातावरचा हुरडा फुंकून तिच्या पुढ्यात धरायची. खाल्ल्यावर ती गप्प व्हायची.

आता मात्र हुरडा म्हटलं की शेत मागं पडतं आणि सोलापूरच्या पूर्व भागातली एक गल्ली पुढं येते. पत्र्याखालचा मागांचा कारखाना. आणि स्टीलच्या ताटलीत निवत गेलेला हुरडा, ज्याला त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

सोलापूरला थंडी नसतेच, असं पुण्यामुंबईकडचे पाहुणे म्हणतात. त्यांनी संक्रांतीच्या आसपास पहाटे आमच्याकडे नळाला पाणी भरायला यावं. कॅलिपरची पट्टी पोटरीला लागली की माझ्या तोंडून सिद्धेश्वराचं नाव आपोआप निघतं. दिवस वर आला की पुन्हा आपलं नेहमीचं ऊन. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागतात, लाऊडस्पीकरची तपासणी सुरू होते. अशा थंडीत आवाज लांबवर जातो म्हणतात. हे मला अंबादासनं सांगितलं. त्याच्याआधी मी सोलापूर फक्त बघत होते, आणि बघण्यासारखं या गावात फार आहे असं काही मला वाटत नव्हतं.

अंबादास जन्मापासून आंधळा. कागदोपत्री त्याच्यासाठी वेळोवेळी नवे शब्द निघाले. तो म्हणतो, ‘नंदाक्का, शब्द बदलला की ठेच लागायची थांबती का?’ माझं नाव महानंदा, पण तो पहिल्या दिवसापासून नंदाक्काच म्हणत आला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि तो तिथं बोलकी पुस्तकं न्यायला यायचा. घरची बोली तेलुगू, बाप यंत्रमागावर, आई बिड्या वळणारी. गळ्यात कायम एक लहानसं रेकॉर्डर. मी एकदा विचारलं, यात काय भरतोस? तर म्हणाला, ‘गाव.’

आमच्या कॉलेजचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. डिसेंबरात आमच्यासारख्यांचा एक दिवस साजरा होतो, त्या दिवशी आम्हाला हॉलमध्ये बोलावतात, आणि हॉल हमखास वरच्या मजल्यावर असतो. शाल-नारळ देतात. मग हातपाय, डोळे, कान धड असलेली माणसं आमच्याबद्दल तासभर बोलतात. सोलापुरात शाल का देतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे. चादर द्यावी, पांघरता तरी येते. असाच एक दिवस पार पडल्यावर केंद्राच्या सरांनी आम्हा दोघांना गाठलं आणि म्हणाले, रेडिओवर दर आठवड्याला अर्धा तास देतो, तुमच्या संघर्षाची प्रेरणादायी कहाणी सांगा. अंबादासनं विचारलं, ‘सर, ऐकणाऱ्यानं रडायचंच हाय का त्यात?’ सर बिचारे भले, हसले. म्हणाले, तुम्हाला हवं ते करा.

असा आमचा कार्यक्रम सुरू झाला. नाव ठेवलं ‘आता आमचं ऐका’. अट एकच होती, आणि ती अंबादासनंच घातली होती. आमच्याबद्दल दुसऱ्यानं बोलायचं नाही. ज्याचं त्यानं सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं.

कहाणी वगैरे फारशी कुणी सांगितलीच नाही. अंबादासनं आवाज ओळखायचा खेळ काढला. तो एखादा आवाज लावणार, लोकांनी फोन करून ओळखायचा. पहिल्याच वेळी त्यानं नळाला पाणी येण्याआधी पाइपातून निघणारा सुस्कारा लावला. दिवसाआड दिवसाआड करत पाण्याची वाट बघणारं आमचं गाव! फोन खाली ठेवता येईना. एक बाई तर घागर घेऊनच उठल्या होत्या म्हणे. मग कडक भाकरी मोडल्याचा आवाज, शेंगाचटणी कुटल्याचा, तेंदूची पानं कातरल्याचा. रेकॉर्ड करायची त्याची रीत होती. जागेवर जाऊन नुसतं उभं राहायचं. ‘जागा आपल्याला इसरली की मग बटन दाबायचं,’ तो म्हणायचा. माणसं त्याच्याभोवती बोलायला, भांडायला, शिंकरायला लागली की समजायचं, जागा विसरली.

सांगोल्याकडच्या एका वस्तीवरून सारिकाचा फोन आला तो त्याच दिवसांत. कार्यक्रम ती मोबाइलवर ऐकायची. तिच्या घरी मेंढरं. तिचं कमरेखालचं अंग हलत नाही, दिवस दारातल्या बाजेवर जातो. सुरुवातच भांडणानं. ‘तुमी नुसतं सोलापूरचं लावताय. आमच्या मेंढरांस्नी काय गळं न्हाईत व्हय?’ दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलवरून संध्याकाळी मेंढरं परतल्याचा आवाज पाठवला. धूळ कानाला कळते, हे मला तेव्हा समजलं. पुढं ती आत्यामावश्यांना बाजेजवळ बसवून त्यांच्या ओव्या मोबाइलवर धरू लागली. आता त्या बाजूच्या लग्नांत पोरं तिनं धरलेल्या ओव्या मोबाइलवर लावतात, आणि वस्तीवर आलेला माणूस आधी बाजेकडे जातो. आमच्या कार्यक्रमानं जग बदललं असं मी म्हणणार नाही. पण रेडिओची खोली वरच्या मजल्यावरून खाली आली, आणि नळ सुसकारला की अजून एखादी बाई आमची आठवण काढते. तेवढं खरं आहे.

त्या वर्षीची थंडी आली तेव्हा हे सगळं असं रंगात होतं.

अंबादासच्या गल्लीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा तोच मला घेऊन गेला. रिक्षा मोठ्या रस्त्यावर सोडली. दोन्ही बाजूंना कारखाने, पत्र्याखाली माग, आणि खटाखट असा की स्वतःची कुबडी टेकल्याचं ऐकू येईना. तो मात्र काठी काखेत मारून चालला होता. प्रत्येक कारखान्याची चाल त्याला वेगळी ऐकू यायची. एक घाईचा, एक रेंगाळणारा, एकात पट्टा ढिला. मग तो थांबला. ‘हितं वळायचं. ऐका की. एक माग लंगडतोय.’ मी कान दिला. बाकीच्या मागांमधून एक जण खरंच अडखळत होता. खटक-खट, खटक... खट. अगदी माझ्यासारखा. मी तसं म्हटलं तर तो हसत सुटला. ‘तो नायनाचा माग. मी ल्हानपणापासून त्येच्याच आवाजावर घरी येतोय.’ नायना म्हणजे तेलुगूत बाप.

त्याचे नायना मल्लय्यामामा. उंच, वाळके, केसांत भुवयांत कापूस, खांद्यावर स्वतःच्या मागावर विणलेला टॉवेल. कारखान्यातून बाहेर पडताना तो टॉवेल काढून हवेत असा काही झटकायचे की फट्ट आवाज व्हायचा आणि कापसाचा भुगा उडायचा. अंबादासला त्या भुग्यानं हटकून शिंक यायची. मामांचं बोलणं कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाई. त्यांना स्वतःला मात्र पोराची हाकसुद्धा ऐकू येत नव्हती. आयुष्य मागापाशी गेलं होतं. मी एकदा अंबादासच्या अम्माला दबक्या आवाजात विचारलं, मामांना कमी ऐकू येतं का? अम्मा बिडीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, ‘आमच्या गल्लीत कुणी भैरं न्हाय ओ. सगळे मोठ्यानं बोलतेत, एवढंच.’

मग ही दोघं बोलायची कशी? ते बघण्यासारखं होतं. मागाच्या खटाखटीत तोंडाचा उपयोग नसतो, म्हणून कारखान्यात हातानं बोलतात. कांडी संपली, धागा तुटला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खुणा. अंबादास लहान असताना मामा त्याला कारखान्याच्या कोपऱ्यात बसवून ठेवायचे, आणि सुट्टीत त्याची बोटं हातात धरून त्याला एकेक खूण वळवून द्यायचे. आंधळ्या पोराला हाताची भाषा! लोक हसले असतील. पण पुढं तीच कामी आली. बाप तोंडानं बोलायचा, पोरगा हातानं उत्तर द्यायचा. बापाला पोराचे हात दिसत, पोराला बापाचा आवाज ऐकू येई. एवढ्यावर त्या घराचं सगळं चाले, थट्टामस्करीसुद्धा.

त्या पौषात मालकानं सांगितलं की संक्रांत झाली की जुने माग भंगारात जाणार. गल्लीत त्याची फार चर्चा झाली नाही, होणार हे सगळ्यांना कळलं होतं. अंबादास मात्र हादरला. ‘मग मी वळू कुटं, नंदाक्का?’ मला वाटलं तो चेष्टा करतोय. त्याचा चेहरा बघितल्यावर कळलं. त्यानं ठरवलं, माग जायच्या आत मागांवर कार्यक्रम करायचा.

कार्यक्रम सुंदर झाला. मी शेजारीच बसले होते. आधी मागांचा आवाज, मग हळूहळू त्यातला लंगडा माग पुढं आणला त्यानं, आणि मग बोलला. ‘ह्या मागांनी लोकांच्या अंगावर चादरी घातल्या आणि आमच्या बापांचे कान खाल्ले. माझ्या नायनाला, मल्लय्याला, ऐकू येत न्हाय. आमच्या गल्लीत चाळिशी ओलांडलेल्या एकाला बी धड ऐकू येत न्हाय. तुमी म्हणता, ही माणसं वरडून बोलतेत. वरडत न्हाईत, भैरी झालेत.’ काचेपलीकडं सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. फोन येत राहिले. बाहेर पडताना अंबादास मला म्हणाला, ‘आज कायतरी झालं.’ झालं होतंच. कसं झालं ते दोन दिवसांनी समजलं.

गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी रेडिओ ऐकायचा प्रश्नच नव्हता. पण त्यांच्या पोरांनी ऐकला, जावयांनी ऐकला, एकानं दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवला.

रविवार होता. भावाचा हुरडा आला होता, तो भाजून डब्यात घालून मी अंबादासकडे घेऊन गेले. अम्मानं ताटल्या मांडल्या, शेंगाचटणी घातली, गुळाचा खडा ठेवला. तेवढ्यात मल्लय्यामामा चहाच्या टपरीवरून आले. टपरीवर कुणीतरी त्यांना कानाकडं बोट दाखवलं होतं, मग तोंडापुढं मूठ धरून रेडिओवाल्याची नक्कल केली होती, आणि चारचौघे हसले होते. मामा उंबऱ्यातच उभे राहिले. आधी तेलुगूत विचारलं, मग मला कळावं म्हणून मराठीत.

‘रेडिओत माझं नाव घेतलास?’

अंबादासनं मूठ खालीवर केली. हो.

‘काय म्हणून?’

अंबादासचे हात वर आले आणि हवेतच राहिले. मागावरच्या खुणांत सगळं होतं, ‘बहिरा’ नव्हतं. त्याची गरज कुणाला कधी पडलीच नव्हती. शेवटी त्यानं स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि पंजा हलवला. नाही.

मामांनी तो हात बघितला. ‘आंधळ्याचा बाप म्हणून गल्लीत हिंडलो मी,’ ते म्हणाले. ‘एकदा बी मान खाली घातली न्हाय. कुणी इचारलं तर सांगितलं, व्हय, माझा हाय. आज मला भैरा केलास तू. टपरीवर माझ्याशी हातानं बोलत होते की आजपर्यंत. आता हातानं हसतेत.’

अंबादास तोंडानं काहीतरी म्हणाला, सवयीविरुद्ध, आणि ते अर्थातच पोचलं नाही. हात पुढं करेपर्यंत मामा आत गेले होते. तो मोकळ्या उंबऱ्याकडं तोंड करून हात हलवत राहिला. अम्मानं त्याचे हात धरून खाली केले. मी ताटलीत बघत बसले. हुरडा निवला की त्याला कडकपणा येतो, मग तो दाताला लागतो.

त्या दिवसापासून मल्लय्यामामांनी घरात बोलणं टाकलं.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला मला वेळ लागला. दुसऱ्या घरात बाप रुसला तर पोराला तो निदान दिसतो. पाठमोरा का होईना, घरात असतो. इथं बापाचा आवाज गेला म्हणजे बापच घरातून गेला. बरं, अम्माशी तरी बोलावं, तर तिच्याशीही मामा हातानंच बोलू लागले. ती बोलणारी बाई, पण नवऱ्याला ऐकू येत नाही म्हणून तीही हातानंच उत्तर द्यायची. अंबादासला फक्त तिच्या बांगड्या ऐकू यायच्या. तो मला सांगायचा, ‘आज सकाळी लई बांगड्या वाजल्या. माझंच कायतरी चाललं हुतं.’ हे तो हसत सांगायचा. मला ते हसणं सोसायचं नाही आणि मी त्याच्यावर खेकसायची.

मी मनात मामांना दोष दिला. मग अंबादासला दिला. आमची एकुलती एक अट, ज्याचं त्यानं सांगायचं. जन्मभर लोक आमच्याबद्दल आमच्या देखत बोलत आले म्हणून घातलेली. आणि मोडली कुणी, तर घालणाऱ्यानंच, तीही बापावरच्या मायेनं. माया असली की विचारायचं राहून जातं. मामांनी एका शब्दाला आयुष्यभर दाराबाहेर उभं केलं होतं. तो शब्द खोटा होता असं नाही, पण आत घ्यायचा की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. मीसुद्धा लंगडी आहे, पण कुणी परक्यानं रेडिओवरून तसं जाहीर केलं तर मी कुबडी घेऊन त्याच्या मागं लागेन.

अंबादास रोज खूण करायचा. ‘धागा तुटला’ ही ती खूण. दोन्ही तर्जनी टोकाला टोक लावून जुळवायच्या आणि झटकन लांब करायच्या. कारखान्यात ही खूण केली की शेजारचा आपला माग सोडून येतो आणि गाठ मारून देतो. अंबादास सकाळी अंथरुणातून उठून खूण करायचा, जेवताना करायचा. समोर कुणी आहे की नाही हे ज्याला दिसत नाही, त्यानं हातानं क्षमा मागायची. मी एकदा चिडून म्हटलं, अरे, भिंतीपुढं करतोस हे. त्यानं बोटं पुन्हा जुळवली.

संक्रांत झाली. गड्ड्याचा गोंगाट शिगेला पोचला होता, आणि गल्लीत मागांचा शेवटचा दिवस आला. मालकानं अंबादासला रेकॉर्ड करायला ये म्हणून सांगितलं. मी सोबत गेले आणि दाराशी बॉबिनच्या पेटीवर बसले. अंबादास नेहमीसारखा मधोमध उभा राहिला, जागेनं विसरायची वाट बघत. मामा आपल्या लंगड्या मागावर होते. त्यांनी पोराकडं एकदाही बघितलं नाही असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, ते धागा निरखायला वाकायचे आणि वाकता वाकता बघायचे.

एकेक माग थांबत गेला. शेवटी तो एकटाच राहिला. खटक-खट, खटक... खट. मग तोही थांबला. त्या शांततेनं मला गरगरल्यासारखं झालं.

मामा मागापासून निघाले, आणि दाराकडं न जाता पोराच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. अगदी जवळ. हात उचलला तर खांद्याला लागेल इतके. अंबादासनं दोन्ही तर्जनी जुळवल्या आणि लांब केल्या. मामा त्या बोटांकडं बघत होते. त्यांचा जबडा हलत होता, ओठ मात्र उघडले नाहीत. मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, रोजच्यासारखा झटकला, फट्ट, आणि निघून गेले. अंबादास शिंकला.

‘अंबादास,’ मी म्हणाले, ‘मामा तुझ्यासमोर...’

‘म्हाईत हाय,’ तो म्हणाला. ‘रोज येतेत.’

घरी जाता जाता त्यानं सांगितलं. रोज तो रेकॉर्डरचं काम करत बसला की नायना येऊन जवळ उभे राहतात. कधी दुपारी, कधी तिन्हीसांजेला. खूप वेळ. छातीत कापूस बसल्यामुळं त्यांच्या श्वासाची शिट्टी वाजते, एक चप्पल घासते, मनगटाचं हाड कडकन मोडायची सवय आहे. ‘त्येंना वाटतं, तोंड मिटलं की माणूस गप झाला. स्वतःचा आवाज ऐकूच येत न्हाय की त्येंना. मी बी कळू देत न्हाय. कळलं तर यायचे थांबतील.’

त्या माणसाला आपण गप्प आहोत असं वाटत होतं, आणि पोरगा त्याचा श्वास न् श्वास ऐकत होता. मी वळून डोळे पुसले. अंबादासला ते कळलं असणारच.

पुढल्या उन्हाळ्यात मल्लय्यामामा गेले. छातीनंच गेले. शेवटपर्यंत बोलले नाहीत, आणि शेवटी शेवटी तर बोलायचा दमही उरला नव्हता, तेव्हा रुसवा कुठं संपला आणि दुखणं कुठं सुरू झालं हे कुणाला सांगता येणार नाही. माग भंगारात गेले होते. त्यानंतर अंबादास एकदा स्वतःच्या गल्लीवरून पुढं निघून गेला. जन्मल्यापासून ओळखणाऱ्या दुकानदारानं हाक मारली, ‘अरे अंबादास, घर मागं ऱ्हायलं की.’ हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, दुकानदारानं सांगितलं. आता तो काठी काखेत मारत नाही, टेकवत चालतो.

यंदाचा हुरडा आला तेव्हा मी निम्मा डब्यात भरला आणि रिक्षा करून त्याच्याकडे गेले. कारखान्याच्या जागी आता कुणाचं तरी गोडाऊन आहे. अम्मा उंबऱ्याशी बिड्या वळत होती. तिच्या बांगड्या आता कमी वाजतात. सारिकाचा निरोप आला होता, तो मी अंबादासला ऐकवला. ‘दादा, तुमच्या मागांचा आवाज एकदा लावा की परत. आमच्या हितल्या पोरांनी कवा ऐकलाच न्हाय. शेवटच्या दिवशीचा लावा.’

अंबादासनं रेकॉर्डर काढलं आणि मला तो आवाज ऐकवला. एकेक माग थांबत गेला. लंगडा थांबला. मग ती शांतता. आणि त्या शांततेत घासत येणारी एक चप्पल, बारीक शिट्टीचा श्वास, कडकन मोडलेलं मनगट, फट्ट, आणि शिंक. संपलं. साऱ्या गावाचे आवाज त्याच्याकडे आहेत, आणि बापाचा म्हणून एवढाच. बोलतानाचा एकही नाही. जे घरात सकाळसंध्याकाळ ओरडून चाललेलंच आहे ते कोण कशाला धरून ठेवील?

‘लावूया,’ मी म्हणाले. ‘गल्लीतली माणसं ओळखतील बघ त्यांना. टॉवेलवरूनच ओळखतील.’

‘म्हणून तर न्हाय लावायचा,’ तो म्हणाला. ‘एकदा त्येंना न इचारता बोललो. आता इचारायची सोय न्हाय.’

‘मग सारिकाला काय सांगू?’

‘लंगडा माग थांबतो, तितंवर लावू. पुढचं कापून.’

आम्ही हुरडा खाल्ला. खरंतर मीच खाल्ला, तो नुसता चोळत बसला होता. मग उठला, भिंतीला हात लावत खुंटीपर्यंत गेला. खुंटीवर मामांचा टॉवेल अजून आहे, धुतलेला, घडी मोडलेला. तो त्यानं काढला, दोन्ही हातांनी धरला, अंदाज घेतला आणि झटकला. फट्ट. आवाज इतका तंतोतंत आला की बाहेर अम्माची कातर थांबली.

अंबादास तसाच उभा होता, तोंड थोडं वर करून. शिंकेची वाट बघणारा माणूस जसा उभा राहतो तसा. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो.

‘आवाज आला,’ शेवटी तो म्हणाला. ‘कापूस न्हाय आला, नंदाक्का.’